शहर आणि जंगल एकाच सुट्टीत : तुमचे अनुभव सांगा

मे महिना जवळ आला की आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरात दोन पक्ष पडतात. लेक 13 वर्षांची, तिला राजवाडे, संग्रहालयं, मोठ्या शहरातले रस्ते बघायचेत. मुलगा 8 वर्षांचा, त्याला प्राणी हवेत, तेही पिंजऱ्यातले नकोत. सासूबाईंना देवदर्शन झालं पाहिजे आणि दुपारी पाठ टेकायला जागा मिळाली पाहिजे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. आम्ही दोघं धरून सहा जण. सगळ्यांना घेऊन एकच सहल करायची आहे, थोडे दिवस शहरात, थोडे जंगलात.

एकदा हा प्रयत्न केला होता, तो आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला गेलो. रविवारी सकाळी उतरलो, गेटवे बघितलं, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघितलं. सोमवार बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानासाठी राखला होता आणि रात्री परतीची गाडी होती. सोमवारी उद्यान बंद असतं हे मला फाटकापाशी पोचल्यावर कळलं. मग घारापुरी करू म्हटलं, तर तिथली लेणीही सोमवारी बंद. मुलगा दुर्बीण गळ्यात घालून फाटकासमोर उभा होता, तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एका दिवसाची अदलाबदल केली असती तर सगळं जमलं असतं.

म्हणून विचारते आहे. दिवस कसे लावलेत, आधी शहर की आधी जंगल, म्हाताऱ्या माणसांना उन्हात कसं सांभाळलंत, काय चुकलं, हे सविस्तर लिहा. नुसती ठिकाणांची नावं नकोत.

रुईकर कॉलनीतून

आम्ही मे महिन्यात नागपूर आणि ताडोबा केलं. सोबत माझे वडील होते, वय 74. आमचं मूळ गाव हातकणंगले तालुक्यातलं, माणगावच्या शेजारचं. 1920 साली माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांना पुढं केलं, ती गोष्ट वडिलांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेली. दीक्षाभूमी बघायची त्यांची फार वर्षांची इच्छा होती. मुलांना वाघ बघायचा होता. अशी ही सहल ठरली.

महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापुरातूनच सुटते आणि नागपूरवरून पुढं गोंदियाला जाते. एक अख्खा दिवस-रात्र गाडीतच जातो, पण कुठं उतरून बदलायची भानगड नाही, आणि वडिलांना झोपून जाता आलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग असा शिधा होता. उतरल्यावर लगेच जंगलाकडे पळालो नाही. एक रात्र नागपुरात काढली, ही आमची चांगली गोष्ट झाली.

चूक कुठं झाली ते सांगतो. ताडोब्याला आत जायला बरीच गेटं आहेत: मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी. सफारी ज्या गेटची घेतली त्याच गेटातून आत जावं लागतं. मी आधी खोली घेतली मोहर्लीत, कारण ती स्वस्तात मिळाली. नंतर सफारी शोधायला बसलो तर पहिल्या दिवशीची जागा फक्त कोलाऱ्याला शिल्लक. नकाशात दोन्ही जवळजवळ दिसतात, पण बाहेरच्या रस्त्यानं जायला दोन तासांच्या आसपास लागतात. पहाटे तीनला पोरांना उठवून गाडीत घातलं. तेव्हा आधी सफारी पक्की करा, मग त्याच गेटाजवळ खोली बघा, आणि सगळ्यात शेवटी रेल्वेचं बघा. मी बरोबर उलटं केलं होतं. मंगळवारी कोअर भाग बंद असतो, तेही ध्यानात ठेवा.

जिप्सीत सहा जणच बसतात, चालक आणि गाईड सोडून. तुम्ही सहा आहात म्हणजे नेमकं बसता. आम्ही सात होतो, बायको मागं राहिली आणि दुसऱ्या दिवशी मी मागं राहिलो.

ऊन मात्र हलक्यात घेऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात वळीव येऊन जातो, रात्री थोडा गारवा असतो. चंद्रपूरकडे पारा 45 अंशांच्या वर जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्याच. वडिलांना फक्त सकाळच्या सफारीला नेलं, दुपारच्या नाही. ओला पंचा डोक्याला, मीठ-साखरेचं पाणी बाटलीत, आणि अकरा ते पाच खोलीबाहेर पाय नाही. पण वाघ दिसतो तोही याच उन्हामुळं. पाणवठे आटत येतात, राहिलेल्या पाण्यावर जनावरं येतात. पहिल्या सफारीत आम्हाला चितळ, रानकुत्री आणि मगर दिसली, वाघ नाही. दुसऱ्या दिवशी तेलिया तळ्याच्या काठाला वाघीण पाण्यात बसलेली, मागचं अंग पाण्यात आणि मान वर. वीसेक मिनिटं बघितली. गाडीत कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नव्हतं.

परतीला पुन्हा एक दिवस नागपूर, तेव्हा दीक्षाभूमी. संध्याकाळी गेलो, ऊन उतरल्यावर. वडील स्तूपाच्या आत बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "आजोबांना सांगायला पाहिजे होतं." मुलांना वाघ लक्षात राहील, मला हे राहील.

उचगावमधून

वरच्या अनुभवात एक भर. ताडोब्यात मोबाईल आत नेऊ देत नाहीत, कॅमेरा असेल तरच फोटो. आम्ही बिनकॅमेऱ्याचे गेलो आणि मुलं सगळं डोळ्यांनी बघत होती. माझ्या मते ते बरंच झालं. ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलंय तेच मूळ कागद सोबत ठेवा.

राधानगरीहून

ताई, मी राधानगरीचा. जीप चालवतो, दाजीपूरला पावणे घेऊन जातो. सगळी लांब लांब जायलेत म्हणून जवळचं सांगतो.

तुम्ही कोल्हापुरात ऱ्हाता, पण पोरांनी न्यू पॅलेसमधलं म्युझियम नीट बघितलंय काय? तिथं पेंढा भरलेले वाघ, गवे, अस्वलं हाईत. ही शिकार जिथं व्हायची त्यातलं एक रान म्हंजे आमचं दाजीपूर. संस्थानाचं शिकारीचं राखीव जंगल हुतं ते. 1958 ला गव्यांसाठी अभयारण्य झालं, 1985 ला वाढवून राधानगरी अभयारण्य केलं, 351 चौरस किलोमीटर. 2012 ला पश्चिम घाट जागतिक वारसा झाला त्यात आमचंबी रान हाय. मी पावण्यांना सांगतो, आदल्या दिवशी पॅलेस बघून या. मग दुसऱ्या दिवशी पोरगं जित्ता गवा बघतंय तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं असतंय.

कोल्हापुरातनं राधानगरी 50-55 किलोमीटर, दाजीपूर त्याच्या पुढं, फोंडा घाटाच्या अंगाला. मुक्काम करा. सकाळी निघून सकाळी गवा बघायचा म्हंजे रातीलाच निघाय पाहिजे. गवा दिसतो उजाडताना आणि दिवस मावळताना, गवतात नाहीतर पाण्यावर. दुपारचा झाडीत बसतो, मग तुम्ही दिवसभर फिरा, हाताला काय लागत न्हाई. काळाकुळकुळीत अंग आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. मोठा नर टनाच्या घरात असतोय. दिसला की गाडी बंद करायची आणि गप बसायचं. खाली उतरायचं न्हाई. लाल-पिवळी कापडं नकोत, अत्तर नको. आतला रस्ता खडबडीत हाय, म्हाताऱ्या माणसांची कंबर दुखती. त्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि मागं उशी द्या. सासऱ्यांना आत नेणं जमलं न्हाई तर राधानगरीचं धरण दाखवा, शाहू महाराजांनी बांधाय घेतलेलं. धरण भरलं की दारं आपोआप उघडतात, माणूस लागत न्हाई. मेमध्ये पाणी कमी असतंय तेव्हा उघडलेली दिसणार न्हाईत, पण नीट बघायला मिळतात.

शक्य असंल तर मे महिन्याच्या शेवटाला या. वळवाचे दोन पाऊस झाले की काजवे येतात. झाडंच्या झाडं एकदम लुकलुकतात. बॅटरी मारू नका, मोबाईलचा उजेड नको, झाड हलवू नका. आणि पावसाळा लागला की अभयारण्य बंद हुतं, तेव्हा जूनच्या भरवशावर ऱ्हाऊ नका.

ताराबाई पार्कातून

आम्ही स्वतःच्या गाडीनं म्हैसूर आणि बंडीपूर केलं, 2019 च्या मे महिन्यात. एका दमात गाडी मारली नाही. बेळगाव, हुबळी, दावणगेरे करत चित्रदुर्गला मुक्काम केला आणि पहाटे तिथला किल्ला बघितला. पन्हाळ्यावर वाढलेल्या मुलांनाही तो आवडला.

म्हैसूरला दिवस लावताना दोन गोष्टी सांभाळल्या. राजवाड्याची रोषणाई रविवारी आणि सरकारी सुट्टीला संध्याकाळी असते, म्हणून रविवारी पोचलो. प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद, म्हणून ते सोमवारी. जुना लाकडी वाडा 1897 ला जळाला आणि आत्ताचा 1912 ला पुरा झाला, हे मुलीनं तिथंच वहीत लिहून घेतलं. जवळपास लाखभर दिवे एका क्षणात लागतात. आम्ही मैदानात बसलो होतो, माझ्या आईनं हात जोडले.

पुढची गोष्ट मात्र आम्हाला हॉटेलातल्या एका माणसानं सांगितली म्हणून वाचलो. रात्रीचं जेवण म्हैसूरला करून सावकाश बंडीपूरकडे निघायचं ठरवलं होतं. बंडीपुरातून जाणारा रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद असतो, जनावरं गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून. मग जेवण लवकर उरकून गुंडलुपेटलाच थांबलो. सकाळी हत्तींचा कळप दिसला, मध्ये दोन पिल्लं. रस्ता रात्री का बंद असतो हे तेव्हा मुलांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

शिवाजी पेठेतून, निवृत्त शिक्षिका

माझा अनुभव परदेशातला आहे, पण हिशेब तोच. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ असतो. जूनमध्ये आम्ही दोघं तिकडे होतो, तेव्हा दोन दिवस शहर आणि तीन दिवस योसेमिटी राष्ट्रीय उद्यान असं त्यानं नेलं.

उन्हाळा म्हणून मी सुती साड्याच भरल्या होत्या. सॅन फ्रान्सिस्कोत उन्हाळ्यातच धुकं येतं आणि समुद्रावरून बोचरा वारा. गोल्डन गेट पुलावर मी सुनेचा स्वेटर घालून उभी, आणि पुलाचे मनोरे धुक्यात गडप. तिथून चारेक तासांवर योसेमिटी, तिथं दुपारी चांगलंच ऊन. एकाच सहलीत दोन ऋतू भरून न्यावे लागतात.

योसेमिटीत आम्हा म्हाताऱ्यांना काहीच अडचण आली नाही, ती तिथल्या सोयीमुळं. दरीत फुकट बस फिरते, हव्या त्या थांब्यावर उतरा. योसेमिटी धबधबा एकूण 739 मीटर उंच आहे आणि त्याच्या पायथ्याची वाट सपाट, डांबरी. मुलगा-सून वर चढून गेले, आम्ही खाली तुषार अंगावर घेत बसलो. बर्फ वितळतं म्हणून मे-जूनमध्ये पाणी भरपूर असतं. ऑगस्टपर्यंत धबधबा जवळजवळ आटतो, म्हणून जुलैच्या शेवटी येणाऱ्या नातेवाइकांना मुलगा लवकर या म्हणून सांगतो.

अस्वलांची गोष्ट सांगायलाच हवी. रात्री गाडीत खायचं काहीही ठेवायचं नाही, अस्वलं काच फोडून आत शिरतात. लोखंडी पेट्या असतात, त्यात सगळं ठेवून कडी लावायची. माझा चिवडा, लसणाची चटणी, बेसनाचे लाडू तर गेलेच, साबण, टूथपेस्ट आणि माझी उदबत्तीसुद्धा गेली, कारण वास येणारी प्रत्येक वस्तू त्यात मोडते. एवढी शिस्त सगळे पाळतात. आपल्याकडे जंगलात चिप्सची पाकिटं पडलेली बघते तेव्हा त्या पेट्या आठवतात आणि फार वाईट वाटतं.

मंगळवार पेठेतून

बोरिवलीचं मनाला लावून घेऊ नका, पुन्हा जा. शनिवारी उतरा. रविवारी पहाटे उद्यान, फाटक उघडायच्या वेळेला. कान्हेरीची लेणी त्याच जंगलात आहेत, शंभराहून जास्त. म्हणजे इतिहास आणि रान एकाच दिवशी होतं, खोली बदलावी लागत नाही. सोमवारी संग्रहालय किंवा राणीचा बाग. राणीचा बाग बुधवारी बंद असतो.

मलकापूरहून

चांदोली कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. 2004 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. 2025 ला ताडोबातून आणलेली वाघीण तिथं सोडली. पण वाघ बघायला म्हणून 8 वर्षांच्या मुलाला तिथं नेऊ नका. रान दाट आहे, सदाहरित, जनावर दहा हातांवर असलं तरी दिसत नाही. शेकरू, पक्षी, पाऊलखुणा, झोळंबीचा सडा म्हणजे तिथलं कातळाचं पठार, यात ज्याला गोडी आहे त्यानं जावं. मी चार वेळा गेलोय आणि वाघ एकदाही दिसलेला नाही. पाचव्यांदा जाणार आहे.

पुन्हा राजारामपुरीतून

सगळ्यांचं काल रात्री मोठ्यानं वाचून दाखवलं. ताडोब्याचं ऊन ऐकून सासूबाई गप्प झाल्या, तेव्हा नागपूर यंदा नाही. ते हिवाळ्यात करू, दीक्षाभूमीसह.

दाजीपूर म्हटल्यावर सासरे उठून बसले. तरुणपणी एसटीनं फोंडा घाटातून कोकणात जाताना पहाटे रस्त्यात गवा आडवा आला होता, चालकानं दिवे बंद करून गाडी थांबवली होती, हे त्यांनी आम्हाला पहिल्यांदाच सांगितलं. इतकी वर्षं एका घरात राहतो आणि ही गोष्ट कधी निघाली नव्हती.

ठरलं ते असं. मेच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून भाचरं येतायत. पहिल्या दिवशी सकाळी अंबाबाई, दुपारी न्यू पॅलेस, संध्याकाळी रंकाळा. मग दोन रात्री राधानगरीत. सासूबाई धरणाजवळ थांबतील, सासरे म्हणतात मी जीपमध्ये पुढं बसणार, उशी घेऊन. राधानगरीच्या दादांना एक विचारायचं राहिलं: भाचरं धरून आम्ही आठ जण होतो, एका जीपमध्ये बसू का दोन लागतील? भिंतीवरच्या कॅलेंडरावर जंगलाचे दोन दिवस मुलानं लाल पेनानं रंगवलेत. बाकीचे मी पेन्सिलीनं लिहिलेत.