मदत हवी आहे: दवाखान्यात आदिवासी भाषेतल्या पाट्यांसाठी कोणता जीआर दाखवू?

रानवाट_७: साहेबांनी फाईल परत पाठवली. शेरा एवढाच, "शासन निर्णय जोडावा." कुणाकडे असा जीआर आहे का? सोमवारच्या आत हवाय.

जुना_कारकून: कोणतं खातं? कोणता जिल्हा? कोणती भाषा? राजभाषा अधिनियम १९६४ प्रमाणे कामकाज मराठीत. साहेबांचं चुकलं कुठे?

रानवाट_७: आरोग्य खातं, मेळघाट. भाषा कोरकू, अजून कोणती असणार! फाईल मराठीतच राहू द्या हो. मराठी पाटीखाली कोरकूत लिहायचंय, केसपेपर कुठे, रक्त कुठे तपासतात, औषध कुठे मिळतं. परिचर सुट्टीवर गेला की आजीबाई गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन खिडकीशी नुसत्या उभ्या राहतात. रोज किती घ्यायच्या ते समजावणारं कुणी नसतं.

भाषाप्रेमी_नंदुरबार: मूळ दुखणं घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत आहे. २००३ च्या घटनादुरुस्तीने बोडो, संथाली आत आल्या. भिली बोलणारे कोटीच्या घरात, तरी बाहेर. कोरकू बोलणारेही २०११ च्या जनगणनेत ७ लाखांवर आहेत. आधी ती मागणी लावून धरा.

जुना_कारकून: सोमवारपर्यंत घटनादुरुस्ती?

पुणेकर_मी: इथे पुण्यात बँकेत मराठी बोलत नाहीत, त्यावर कोणी धागा काढत नाही.

रानवाट_७: त्यासाठी वेगळा धागा काढा ना, प्लीज.

वकील_विदर्भ: घटनेचं कलम ३५० बघा. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं.

माहिती_कार्यकर्ता: ते अर्जदारासाठी, पाटीला लागू नाही. जीआर शोधत बसू नका. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(४) घ्या. लोकांपर्यंत माहिती पोचवताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वात परिणामकारक ठरणारी पद्धत विचारात घ्यायची, असं कायद्यातच आहे. टिपणीत हेच कलम उतरवा.

आशाताई_गट: मी कोरकूच आहे. पाटी लावा, पण आमच्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, मराठी नाही की कोरकू नाही. स्पीकरवर बोलून दाखवा. पाकिटावर सूर्य-चंद्र काढा.

भाषाप्रेमी_नंदुरबार: ताई, लिहिलंच नाही तर भाषा सरकारदरबारी दिसणार कशी? शाळेतली पोरं वाचतात की.

आशाताई_गट: दिसेल तेव्हा दिसेल. गोळी आज घ्यायची असते.

फाँटवाला: पाटीचा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिका.

रानवाट_७: ४(४) जोडून टिपणी पुन्हा ठेवते. "सर्वात परिणामकारक पद्धत" म्हटल्यावर स्पीकरही त्यात बसतो, दोन्ही मागते. आशाताई, मजकूर तपासून द्याल का? आणि आवाज तुमचाच चालेल? मानधन कोणत्या हेडखाली टाकू, कारकूनकाका?

जुना_कारकून: रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून विचारून पाहा. बैठकीत ठराव मात्र आधी घ्या.