मुंबईहून नेवार्कला जायला ६ तास आणि यायला साडेतेवीस?

शिलाईवाली
नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीची, घरी ब्लाउज शिवते. लेकीच्या बाळंतपणासाठी जूनमध्ये पहिल्यांदाच न्यू जर्सीला निघालेय. जावयांनी तिकीट पाठवलंय. मुंबईहून रात्री १:३० ला सुटायचं आणि त्याच दिवशी सकाळी ७:३० ला नेवार्क. परतताना, ऑक्टोबरात, तिथून दुपारी १२:३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई. लेक म्हणते, जायला साडेपंधरा तास लागतात, यायला १४. अंतर दोन्हीकडून तेच, १२,५०० किलोमीटर. मग दीड तास मुरतो कुठं? आमची मुंबईची एसटी तरी जाता-येता सारखाच वेळ घेते. जावयांना काय विचारायचं, म्हणून इथं विचारते.

रिकामटेकडा_सांगली
काकू, तिकिटावर त्या त्या गावचं घड्याळ असतं. जून ते ऑक्टोबर न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे. जातानाच्या ६ मध्ये साडेनऊ मिळवा, येतानाच्या साडेतेवीसातून तेवढेच वजा करा. लेकीचा हिशेब चोख आहे. (नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, मग फरक साडेदहाचा.)
दीड तास वाऱ्याचा. १०-१२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा वाहतो, ताशी १५०-२०० किलोमीटर म्हणजे नेहमीचंच. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीवर.

परदेशी_पाहुणी
ताई, समोरच्या पडद्यावर नकाशा लावून ठेवा. विमान सरळ पश्चिमेला न जाता वर वर चढत नॉर्वे, आइसलंडकडे जातं. पहिल्या खेपेला मला वाटलं, पायलट वाट चुकला. पण गोल पृथ्वीवर तीच वाट जवळची. अर्थात हवाई हद्द बंद असेल तर वळसा पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना बंदी घातली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमानं अशीच लांबून न्यावी लागली.
दर दोन तासांनी उठून फेरी मारा, पाय सुजतात. आणि शिवणाची कात्री हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत टाका.

शिलाईवाली
शेजारच्या पोराचा पृथ्वीगोल आणला आणि टेप लावली. घेर ३७ इंच. मुंबईपासून आइसलंडवरून नेवार्क साडेअकरा इंच. भिंतीवरच्या नकाशातली सरळ रेघ अरबस्तान, आफ्रिकेवरून जाते, ती गोलावर धरली तर १३. एका इंचात जवळजवळ अकराशे किलोमीटर, बघा किती फरक पडला! आता डोक्यात शिरलं. सपाट कापड अंगावर बसवायचं तर टक्स घ्यावे लागतात, आणि हा नकाशा बिनटक्सचा.
कात्रीचं बरं सांगितलंत, पर्समध्येच होती. जावयांनी हौसेनं खिडकीची जागा घेतलीय. दर दोन तासांनी दोघांना उठवून बाहेर पडायचं, की कडेची मागून घेऊ?