नववीतून गळणारी मुलं: शाळेच्या पातळीवर काय करता येईल? (सोलापूर) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे, गणित शिकवते. आमची बहुतेक मुलं विडी कामगारांच्या, यंत्रमागवाल्यांच्या घरातली. घरात तेलुगू, काहींच्या घरी कन्नड नाहीतर दखनी, आणि शाळेत मराठी.

दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपते आणि वर्गातली काही मुलं परत येत नाहीत. नाव पटावर असतं, मूल नसतं. यंदा मुख्याध्यापक म्हणाले की अशा काठावरच्या मुलांसाठी काहीतरी उपक्रम आखा, दुसऱ्या सत्रापासून सुरू करू. तासिका मोकळ्या करून देतो म्हणाले. पैसे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

आधी मला जे दिसतंय ते सांगते. मूल शाळा सोडतं ते गरिबीमुळे, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण तेच मूल आठवीपर्यंत तेवढंच गरीब असून येत होतं की! नववीत काय होतं बघा. दुपारची खिचडी आठवीपर्यंत. मोफत पुस्तकं आठवीपर्यंत. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंत. नववीत हे सगळं एकदम बंद, आणि वह्या, गाइड, क्लासचा खर्च सुरू. पाचवी-आठवीला आता वार्षिक परीक्षा आली आहे, तरी खरी चाळणी नववीचीच. शिवाय चौदा पूर्ण झाले की धोकादायक नसलेल्या कामावर मुलाला ठेवायला कायद्याचीही आडकाठी राहत नाही. सरकारी मदत जिथं संपते, तिथंच मजुरीचं दार उघडतं.

आणि स्टाफरूममध्ये कुणी मोठ्याने बोलत नाही ती गोष्ट: दहावीचा निकाल. तो चांगला दिसावा म्हणून कच्ची मुलं नववीतच अडवायची, ही रीत बऱ्याच शाळांत आहे, आमच्याकडेही आहे. (सर, तुम्ही हे वाचत असाल तर नमस्कार.) एकदा नववीला नापास करून बसवलेला मुलगा पुन्हा त्याच वर्गात धाकट्यांबरोबर येऊन बसलाय, हे मी क्वचितच पाहिलंय.

सध्या काळजी वाटते ती या मुलांची. एक मुलगी, गणितात वर्गात पहिली. आईला दमा आहे, त्यामुळे घरच्या विड्या आता हीच वळते. माल जातो आईच्या कार्डावर. मामाच्या मुलाशी जमवायचं बोलणंही चालू आहे. एक मुलगा गणवेश शिवणाऱ्या गारमेंटमध्ये धागे कातरायला जातो, शाळेत आला की बाकावर डोकं ठेवून झोपतो. आणखी एकाचे वडील गेले, आई टॉवेलच्या कारखान्यात, धाकट्या बहिणीला सांभाळायला हा घरी. चौथ्याचा एक दिवस खाडा नाही. पण तिसरीचं पुस्तक वाचताना अडखळतो. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, कारण हजेरीपटावर हा कुठेच दिसत नाही.

कुणाच्या शाळेत असं काही करून मुलं टिकली आहेत का? घरी जाऊन आई-वडिलांशी बोलताना काय बोलावं? नववी-दहावीसाठी खरोखर मिळणारी मदत कोणती? कृपया 'पालकांचे समुपदेशन करावे' असले परिपत्रकी सल्ले नकोत.

– नववी_ब

---

शेंगाचटणी: अक्का, मी विडी कामगाराचाच पोरगा, आता पुण्यात नोकरीला. पहिली गोष्ट, सकाळी घरी जाऊ नका. सकाळी बाया माल द्यायला कारखान्यात असतात, तिथं छाट (नापास ठरवलेल्या विड्या) किती काढली यावरून डोकं फिरलेलं असतं. दुपारनंतर जा. चार जणी सुपं घेऊन एकत्र बसलेल्या असतात, हात चालू, तोंड मोकळं. तिथं मांडी घालून बसा. एकीशी बोललात की चौघींना कळतं.

दुसरं, आईकडे विडी कामगाराचं ओळखपत्र आहे का विचारा. असेल तर केंद्राच्या कामगार मंत्रालयाची विडी कामगारांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे. नववी-दहावीला वर्षाला २००० रुपये, अकरावी-बारावीला ३०००, पुढे पदवीला अजून वाढते. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. रक्कम बघून हसू नका. आमच्या घरात ते पैसे आले तेव्हा आई शेजारणीला सांगत फिरली होती की पोराला सरकार पगार देतंय.

एक मेख आहे. मागची परीक्षा पहिल्या झटक्यात पास पाहिजे. नववीला बसवलं की शिष्यवृत्तीही गेली. तुमच्या सरांना हे सांगा.

---

खडू_आणि_डस्टर: ताई, मी माध्यमिकला मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. तुमचं शेवटचं वाक्य वाचून हसलो, कारण तसली परिपत्रकं मीही वर्गावर्गांतून फिरवली आहेत.

शाळाबाह्य मुलाची सरकारी व्याख्या तुम्हाला माहीत असेल: सलग एक महिन्याहून अधिक गैरहजर. ४ जुलै २०१५ला राज्यभर एका दिवसात जे सर्वेक्षण झालं, मुलांच्या बोटाला शाई लावत फिरलो होतो आम्ही, त्यातही हीच फूटपट्टी होती. शाळेला ही फूटपट्टी काहीच कामाची नाही. महिनाभर कामावर गेलेल्या पोराच्या हातात पैसे खेळायला लागलेले असतात. तिसऱ्या दिवशी फोन, आठवड्याच्या आत घर. आणि सलग खाड्यापेक्षा तुटक खाडे बघा. दर सोमवारी नाही, जेवणाच्या सुट्टीनंतर नाही, चाचणीच्या दिवशी नाही. हजेरीपट सकाळी एकदाच भरला जातो, त्यामुळे दुपारी पळणारं पोर कागदावर पूर्ण वेळ हजर असतं. शेवटच्या तासाला पुन्हा डोकी मोजा.

अवघड भाग पुढे आहे. पट कमी दाखवला तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षकाचं पद जातं. म्हणून न येणारं मूल कागदावर येत राहतं. जोवर हे चालू आहे तोवर तुमच्या उपक्रमाला खरी आकडेवारी मिळणार नाही. तुमच्या वर्गापुरती एक वेगळी वही ठेवा, ती कार्यालयात देऊ नका.

---

कटाक्ष: सगळं शिक्षकांनीच करायचं. निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, आता घरोघर फिरणं. बाकी खात्यांनी काय करायचं?

---

नववी_ब: @कटाक्ष, मान्य आहे. पण दिवाळीनंतर ते बाक रिकामं होतं ते माझ्या वर्गात होतं.

@शेंगाचटणी, पहिल्या प्रयत्नात पासची अट मला माहीत नव्हती. फार उपयोगी मुद्दा दिलात.

---

बर्फातला_मराठी: मी मूळचा बार्शीचा, सध्या अमेरिकेत मिनेसोटात, बायको इथल्या शाळेत काम करते. इथेही हायस्कूल सोडणाऱ्या मुलांचा प्रश्न जुना आहे. फिलाडेल्फियातल्या सहावीच्या मुलांचा मागोवा घेणारा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. हजेरी ८० टक्क्यांखाली, गणितात नापास, इंग्रजीत नापास, वर्तणुकीच्या तक्रारी. यातली एक जरी खूण सहावीत दिसली तरी ते मूल पुढे हायस्कूल वेळेत पूर्ण करण्याची शक्यता फार कमी. म्हणजे गळती नववीत दिसते, पण तिची चाहूल तीन वर्षं आधी लागते. तुमच्या शाळेला पाचवी-सहावीचे वर्ग जोडलेले असतील तर तिकडेही बघा.

दुसरं म्हणजे मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेला 'चेक अँड कनेक्ट' नावाचा कार्यक्रम. त्याचा गाभा अगदी साधा आहे. एका मुलामागे एक ठरलेलं मोठं माणूस, निदान दोन वर्षं. ते माणूस दर आठवड्याला हजेरी-गुण बघतं आणि मुलाशी थोडा वेळ बोलतं. मुलानं शाळा बदलली तरी शक्यतो सोडत नाही. इथे त्यासाठी पगारी माणसं असतात, तुमच्याकडे नसतील. पण ते माणूस शिक्षकच हवं असं कुठे आहे? शिपाईमामा, ग्रंथपाल, गल्लीतला कॉलेजला जाणारा माजी विद्यार्थी चालेल. फक्त मधेच गायब होणारा नको.

---

सातरस्ता: मी बालकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे, नाव देत नाही. तुमच्या दोन मुलांबद्दल लिहिते.

वडील वारलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज लगेच करा. महिला व बालविकास विभागाची योजना आहे, दरमहा २२५० रुपये, वय १८ पर्यंत. आठवीची अट नाही! मंजुरी बालकल्याण समितीकडून होते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, बँक खातं एवढी जुळवाजुळव लागते आणि आई कामावर जात असेल तर ती इथेच अडते. शाळेतल्या कुणीतरी तिच्याबरोबर एकदा कार्यालयात जावं. आणि धाकटी बहीण सहा वर्षांखालची असेल तर अंगणवाडी कुठली, हे पण बघा. पोरगा खरा तिच्यासाठी घरी बसलाय.

मुलीचं प्रकरण घाईचं आहे. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त निघायला लागतात. आईशी बोलताना कायदा शेवटी काढा, पण काढा. २००६ च्या कायद्याप्रमाणे लग्न लावणारे आणि होऊ देणारे दोघांनाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तारीख ठरल्याचं कानावर आलं तर १०९८ ला फोन करा, तुमचं नाव बाहेर येत नाही. आमचा अनुभव असा की 'लग्न मोडा' म्हटलं की घर बंद होतं, 'दहावीपर्यंत थांबा' म्हटलं की निदान बोलणं चालू राहतं. मामालाही बोलवा, तिथला निर्णय बहुतेक तोच घेतो.

---

तात्या_मंगळवेढेकर: गावाकडं ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांना शाळेनं शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेत बसता येतं. शहरात लागत नसेल. माहिती म्हणून दिली.

---

खडू_आणि_डस्टर: गारमेंटवाल्या मुलाबद्दल राहिलं. त्याला काम सोड म्हणू नका, सोडणार नाही. घरात त्याचे पैसे धरून हिशेब चालू झालाय. मालकाला भेटा. सोलापुरात गणवेशाचा धंदा मोठा, शाळांशीच संबंध असतो या लोकांचा. 'परीक्षेच्या महिन्यात पोराला रात्री आठला सोडा' एवढं एक मागणं बरेच जण ऐकतात. कुणीतरी १७ नंबरच्या फॉर्मचा सल्ला देईलच. बाहेरून दहावीला बसायची ती सोय चांगली आहे, पण ज्यानं शाळा सोडली आहे त्याच्यासाठी. आत असलेल्याला तो रस्ता आधीच दाखवला की शाळेची जबाबदारी संपते आणि पोरगा फॉर्मही भरत नाही.

---

नववी_ब: सगळ्यांचे आभार. सरांशी बोलले. एका मुलामागे एक माणूस ही कल्पना त्यांना आवडली, कारण फुकट आहे. आमच्या शिपाईमामांनी न विचारता गारमेंटवाला मुलगा स्वतःकडे घेतला, ते त्याच्याच गल्लीत राहतात. शेवटच्या तासाची डोकीमोजणी सुरू करतोय. नववीला न बसवण्यावर मात्र सर म्हणाले, 'निकाल लागू दे, मग बघू.' म्हणजे तिथं काही हललेलं नाही. मी शिष्यवृत्तीची अट छापून नोटीस बोर्डावर लावणार आहे, पालकसभेच्या आदल्या दिवशी.

विडीवाल्या मुलीच्या आईकडे ओळखपत्र आहे. मामा रविवारी यायला तयार झालाय, पुढचं तेव्हा कळेल.

एक प्रश्न उरला. अडखळत वाचणाऱ्या मुलासाठी आता रोज अर्धा तास मिळालाय. पण त्याला तिसरीचं पुस्तक दिलं की तो दप्तरात लपवतो. पातळी सोपी, पण चौदा वर्षांच्या पोराला लाज वाटणार नाही असं वाचायला काय देऊ?

---

शेंगाचटणी: गाड्यांच्या जाहिराती, क्रिकेटचं पान, मोबाईल दुकानाचे फलक. मी असाच शिकलो. थिएटरच्या पोस्टरवरून तर पुष्कळ.

---

बर्फातला_मराठी: स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, फुकट छापता येतात. मुखपृष्ठ न लावता नुसती पानं द्या. तिथं तेलुगूही आहे. तीच गोष्ट त्याच्या आईला ऐकवायला सांगा.

---

खडू_आणि_डस्टर: बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यातली कोडी आणि छोटे मजकूर काढा, गोष्टी नंतर. आणि ताई, त्याला वाचायला वर्गात उभं करू नका, कितीही सुधारला तरी. आधी त्याला पाचवीतल्या एखाद्या पोराला वाचून दाखवू द्या.