मदत हवी आहे: थारच्या चासीला (खालच्या लोखंडी सांगाड्याला) गंज, मृगाआधी नवं कोटिंग मारू की आधी जुनं खरवडू?

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी,

२०१५ ची महिंद्रा थार सीआरडीई (डिझेल) आहे, सेकंडहँड, पुण्याहून घेतलेली. आता मुक्काम गुहागर तालुक्यात. कलमांची नर्सरी असल्याने गाडी शोभेची नाही. रोज बागेतल्या कच्च्या वाटा, आणि दापोलीकडे जायचं झालं की धोपावे-दाभोळ फेरीबोट. बोटीवरून जेट्टीवर उतरताना उतार ओला असतो, चाकांनी उडालेलं खारं पाणी थेट गाडीच्या पोटाला लागतं. समुद्रकिनाऱ्यावर मी गाडी घालत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर निम्मे प्रतिसाद त्यावरच यायचे.

आधीच्या मालकाने खालून काळं, रबरासारखं कोटिंग मारून घेतलं होतं. दिसायला झकास. परवा मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) कामाला गाडी रॅम्पवर घेतली, तेव्हा मिस्त्रीने शॅकलजवळ (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) कोटिंगवर अंगठा दाबला तर कडेने पाणी आलं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्यावर तळहाताएवढा तुकडा सुटला, मागे गंजाचे पापुद्रे. चासीच्या भोकातून बोट घातलं तर आत ओला लाल चिखल. मे महिना चालू असताना!

आता सल्ले ऐका. मिस्त्री म्हणतो, जळालेलं ऑइल आणि डिझेल मिसळून फवारा, आम्ही ट्रॉलीला तेच करतो. कोटिंगवाला म्हणतो, वरून दुसरा हात मारून देतो, वॉरंटीसकट. आणि हर्णैला बोटी असलेला माझा मावसभाऊ म्हणतो, बोटीला लावतात तसे जस्ताचे ठोकळे चासीला लाव.

मृग तोंडावर आलाय. नेमकं काय करू? आणि यातलं घरच्या घरी किती जमेल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पाटेवाला

ताई, कोटिंगवाल्याला आधी नाही म्हणा. गंजावर कोटिंग म्हणजे जखमेवर न धुता पट्टी. पत्र्याचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, म्हणून कोट आतून उचलला जातो. उचललेल्या कोटामागे पाणी शिरतं ते वाळतच नाही. तुम्हाला मे महिन्यात पाणी दिसलं ते यामुळे. काही न मारलेली चासी निदान उन्हाने वाळते तरी.

पहिलं काम म्हणजे हातोडी. छोटी घ्या आणि चासी पुढून मागेपर्यंत ठोकत जा. शाबूत पत्रा टणटण वाजतो, खाल्लेला भदभद वाजतो. संशय आला तिथे स्क्रू ड्रायव्हर जोरात रुतवून बघा. पाट्यांचे हँगर, शॅकल, मागचा आडवा मेंबर (चासीचा दांडा), बॉडी माउंटच्या (बॉडी चासीवर बसते त्या जागांच्या) वरची बाजू आणि ब्रेकच्या नळ्या, एवढं तर बघाच. नळी गंजून फुगलेली दिसली तर बाकी सगळं राहू द्या, आधी नळी बदला. तांब्याची साधी नळी कोणी बसवत असेल तर नको, हादऱ्यांनी ती कडक होऊन तडकते.

सुटलेलं कोटिंग सगळं काढा, घट्ट धरलेलं असेल ते राहू द्या. तारेचा ब्रश, ग्राइंडरला तारेची वाटी, डोळ्यांना चष्मा. पापुद्रे निघाल्यावर खाली जो पातळ लालसर थर उरतो त्यावर रस्ट कन्व्हर्टर हे गंजावर मारायचं द्रावण. त्यातलं फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाशी संयोग करून काळसर थर देतं. पापुद्र्यांवर मारलं तर ते वरच्यावर काळं होतं आणि आत कारभार चालूच. मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर चासी ब्लॅक हा काळा रंग. नुसतं रेड ऑक्साइड प्रायमर मारून सोडू नका, ते पाणी धरतं.

खरवडताना चासीवर कोरलेल्या नंबरला ग्राइंडर लावायचा नाही. गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत न्यायची आहे, तिथे तो नंबर वाचता आला पाहिजे.

लाल माती

जळालेल्या ऑइलबद्दल. फायदा होतो हे खोटं नाही, तेलाचा थर पाणी दूर ठेवतो. पण सस्पेंशनचे रबरी बुश फुगून मऊ होतात, त्यावर धूळ बसून लगदा होतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात ते सगळं वाहून जातं. कुठे वाहून जातं? तुमच्या नर्सरीत, विहिरीकडे. इंजिनात फिरलेल्या तेलात धातू आणि आम्लं असतात. कलमांच्या मुळाशी हे कशाला?

जस्ताचे ठोकळे बोटीवर काम करतात कारण बोट पाण्यात असते. जस्त आणि लोखंड दोन्ही एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेले असले की दोघांमध्ये विद्युतमंडल पुरं होतं आणि लोखंडाऐवजी जस्त झिजतं. गाडी हवेत असते, तिथे मंडलच पुरं होत नाही. बॅटरीला जोडायची गंजरोधक यंत्रं विकतात त्यांचीही तीच गोष्ट. मावसभावाला सांगा, बोटीसाठी तो बरोबर आहे.

ओंटारिओकर

मी कॅनडात असतो. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हा विषय घरोघरी. दरवर्षी थंडीआधी गाडीच्या खाली आणि दारांच्या आत पातळ तेलकट फवारा मारून घेणारे पुष्कळ. तो कडक होत नाही हाच त्याचा गुण. कडक कोटाला दगड लागून टवका उडाला की तिथून पाणी शिरतं. मऊ थर ओरखड्यावर परत पसरतो.

पण खरं दुखणं चासीच्या आत आहे. टोयोटाचं प्रकरण बघा: २००५ ते २०१० मधल्या टॅकोमा आणि काही टुंड्रा, सिकोया गाड्यांच्या चासी गंजतात म्हणून अमेरिकेत दावा झाला. २०१६ मध्ये कंपनीने तडजोड केली आणि ठरलेल्या प्रमाणापलीकडे सडलेल्या चासी बदलून देण्याचं मान्य केलं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही कथा. बाहेरून कितीही रंगवा, पोकळीत चिखल आणि मीठ बसलं की पत्रा आतून पातळ होत येतो.

म्हणून आतल्या चिखलाकडे आधी बघा. चासीला खालून निथळायची भोकं असतात, ती बहुधा जुन्या कोटिंगनेच बुजलेली असणार. तारेने मोकळी करा. मग एका टोकाच्या भोकातून पाण्याचा पाइप घाला आणि दुसरीकडून स्वच्छ पाणी येईपर्यंत चालू ठेवा. दोन-चार दिवस उन्हात वाळू द्या, काँप्रेसर असेल तर हवा मारा. मग कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण. त्याला लांब नळी येते, टोकाला चहूबाजूंनी फवारणारी तोटी. नळी पार आत घालून फवारत फवारत मागे ओढायची.

खाडीपल्याड

खूप आभार सगळ्यांचे. हातोडी फिरवली. दोन्ही लांब मेंबर टणटणीत आहेत. ब्रेकच्या नळ्यांवर वरवरचा गंज. मागचा आडवा मेंबर मात्र डाव्या टोकाला भदभदतोय आणि स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. आतून चिखल निघाला तो अक्षरशः घमेलंभर, त्यात सुपारीची सालंही होती.

दोन शंका. वॅक्स आपल्याकडच्या उन्हात वितळून गळणार नाही का? आणि रोजच्या धुण्याचं काय, प्रेशरने धुतलं तर चालेल ना?

ओंटारिओकर

सुरुवातीचे काही दिवस भोकांतून थोडं टपकेल. फरशीवर गाडी लावू नका. त्याच वेळी निथळायची भोकं परत तपासा, वॅक्सने बुजायला नकोत.

लाल माती

प्रेशरने चिखल निघतो, पण जोरात मारलेलं पाणी मीठ सांध्यांत ढकलतं आणि अॅक्सलच्या सीलमध्ये शिरतं. बोटीवरून आल्यावर जोरापेक्षा भरपूर पाणी महत्त्वाचं. बागेत फिरता स्प्रिंकलर असेलच, तो गाडीखाली ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने गाडी पुढे घ्या.

आणि पाणी चाखून बघा. थट्टा नाही. खाडीलगत बोअरला मे महिन्यात मचूळ पाणी लागतं आणि वॉशिंग सेंटरवाले तेच मारतात. त्याने धुणं म्हणजे वर पैसे देऊन मीठ लावून घेणं. विहिरीचं गोडं पाणी वापरा. पाऊस सुरू झाला की पागोळीचं आहेच.

पाटेवाला

आरपार गेलेल्या मेंबरवर नुसता पत्र्याचा तुकडा चिकटवून घेऊ नका. सडलेला भाग चांगल्या लोखंडापर्यंत कापायचा आणि तेवढ्याच जाडीचा नवा घालायचा. हे गल्लीतल्या ग्रिल बनवणाऱ्याचं काम नाही, चासीची कामं करणारा चिपळूणला शोधा. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवायला सांगा, सीआरडीईला ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) आहे. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ हवा, इंजिनाला नव्हे. वॅक्स वेल्डिंगनंतरच, आधी मारलं तर आत पेट घेईल. वेल्डच्या उष्णतेने आतला रंग जळतो, तिथे पहिल्यांदा गंज येतो, म्हणून त्या कोपऱ्यात वॅक्स दोनदा.

बाहेरून फवारताना प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा), सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम-डिस्क, हँडब्रेकची केबल आणि अॅक्सलचे ब्रीदर (हवेच्या नळ्या) झाकून घ्या. शाफ्टच्या जॉइंटना कोटिंग नाही, ग्रीस. निपलमधून जुनं पाणचट ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप मारायचा.

मृगापर्यंत सगळं झालं नाही तर वेल्डिंग, आतली धुलाई आणि वॅक्स एवढं उरका. बाहेरचा रंग पावसानंतर केला तरी चालतो.

खाडीपल्याड

चिपळूणचा माणूस मिळाला, सोमवारी गाडी सोडते. कोटिंगवाल्याला वॉरंटी कार्डाची प्रत मागितली होती. त्यात बारीक अक्षरात लिहिलंय, 'समुद्रालगतच्या भागात वापर असल्यास लागू नाही.'