शब्दचर्चा : 'गाडी खाली झाली' आणि ट्रकवाल्यांचे आणखी काही शब्द

'गाडी खाली झाली' हे वाक्य कानावर पडलं तर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं?

माझे वडील, अण्णा, एकतीस वर्षं ट्रक चालवत होते. सांगलीतून हळद नाहीतर गूळ भरायचा आणि मुंबई गाठायची. मोठं भाडं मिळालं तर नाशिक, धुळे, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा करत दिल्ली. घरी फोन नव्हता. निरोप कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात यायचा आणि दुकानदारकाका जो पोरगा-पोरगी दिसेल त्याच्या हाती तो घरोघरी धाडायचे. मी सात वर्षांची असेन. पावसाळा होता, आणि खंबाटकीच्या घाटात एक ट्रक दरीत गेल्याचं गल्लीत दोन दिवस सगळे बोलत होते. मी गोडेतेल आणायला गेले तेव्हा काका म्हणाले, "आईला सांग, अण्णांची गाडी खाली झाली. परवा येत्यात."

मी तेलाची किटली तिथंच टाकून रडत घरी पळाले. आईला निरोप सांगितला, तर तिनं उठून देवापुढं साखर ठेवली. मला काही कळेना. मग तिनं जवळ घेऊन सांगितलं, "अगं, खाली झाली म्हणजे माल उतरला. रिकामी झाली. आता येतील."

आज एवढ्या वर्षांनी ही चर्चा सुरू करतेय ती त्या एका शब्दासाठी. आपल्याकडे दोन 'खाली' आहेत. एक घरचा : खाल, खालचा, खालून, खालती या गोतावळ्यातला. दुसरा अरबीतून आलेला, रिकामा या अर्थाचा. दिसायला सारखे, पण व्याकरण दोघांना वेगळं वागवतं. घरच्या 'खाली'ला विशेषण व्हायचं असेल तर 'चा-ची-चे' घ्यावं लागतं : 'खालची गाडी', म्हणजे उतारावर उभी असलेली. ट्रकवाल्यांचा 'खाली' तसाच्या तसा विशेषण होतो : 'खाली गाडी', 'खाली गाड्या', 'खाली पोती'. घरच्या 'खाली'सोबत जाणं, येणं, पडणं, उतरणं ही हालचालीची क्रियापदं येतात. दुसऱ्यासोबत होणं आणि करणं. म्हणून 'गाडी खाली गेली' हे ऐकून काळजाचा ठोका चुकावा आणि 'गाडी खाली झाली' हे ऐकून देवापुढं साखर ठेवावी. सात वर्षांच्या मुलीला हा फरक कळला नाही, पण आईला तो क्षणात कळला होता.

'गाडी खाली आली' इथं मात्र मीही अजून अडखळते. घाट उतरून आली, की परतीचं भाडं न मिळता रिकामी आली? अण्णा म्हणतात, बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं. रिकामी आणली असेल तर तोंड उतरलेलं असतं.

अशीच गंमत 'लागणे'ची आहे. 'मला गाडी लागते' म्हणजे प्रवासात मळमळतं, हे मराठी घरात सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णांचा निरोप 'गाडी लागली' असा आला की अर्थ होता, ट्रक वखारीच्या दाराशी भरायला उभा राहिला. आईच्या हिशेबात गाडीच्या चार अवस्था होत्या : लागली, भरली, निघाली, खाली झाली. पाचवी होती 'उभी आहे', आणि ती सगळ्यांत वाईट. उभी आहे म्हणजे भाडं नाही, आणि जेवणाखाण्याचा भत्ता खिशातून चाललाय.

अण्णा आणि त्यांचे जुने सोबती अजून संध्याकाळी मिरज रोडला एका टायरच्या दुकानासमोर बसतात. सगळे सत्तरीच्या पुढचे. गेले काही महिने मी तिथं वही घेऊन बसते. त्यांच्यातला एकही 'निवृत्त झालो' म्हणत नाही. सगळे म्हणतात, "स्टेअरिंग सोडलं." आणि कुणी कुठं गाडी चालवली हे सांगताना कायम 'लाईन' येते. तो मद्रास लाईनचा, हा कलकत्ता लाईनचा. माणसाची ओळख गावावरून नाही, लाईनवरून. 'लाईनला गेलाय' म्हणजे घरी नाही, कधी येईल सांगता येत नाही.

वहीतला शेवटचा शब्द, ज्यावर मला तुमचं मत हवंय : ट्रकच्या मागच्या उघड्या भागाला आमच्याकडे हौदा म्हणतात. तो पाण्याच्या हौदावरून आला, की हत्तीच्या पाठीवरच्या अंबारीचा हौदा इथं आला? अण्णांच्या बोलण्यात मी 'हौदात पोती टाकली' असं ऐकलंय, म्हणून मला पाण्याचा हौद जवळचा वाटतो.

प्रतिसाद, पुण्याहून

हौद्याबद्दल. सामान्यरूप बघा. 'हौद'चं होतं 'हौदात', 'हौदाला'. 'हौदा'चं होतं 'हौद्यात', 'हौद्याला', जसं वाडा-वाड्यात, ओढा-ओढ्यात. मी मराठी वर्तमानपत्रांत अपघाताच्या बातम्या वाचतो, तिथं 'ट्रकच्या हौद्यात बसलेले मजूर' असंच छापलेलं असतं. म्हणजे मूळ शब्द आकारान्त आहे, हत्तीवरचा. अर्थानंही ते बसतं : जनावराच्या पाठीवर चढवलेलं, चारी बाजूंनी कठडा असलेलं आसन, तेच चाकांवर आलं. पाण्याचा हौद जमिनीत असतो, त्याला पाठ लागत नाही. तुमच्या वडिलांना पुन्हा एकदा विचारून बघाल का? ऐकण्यात चूक होऊ शकते.

हौद्याला जोडून येणारा 'फाळका'ही नोंदवा. मागची नाहीतर बाजूची उघडझाप करणारी फळी. फळी, फळा, फलक या कुळातला शब्द आहे आणि सुताराच्या हातून ट्रकला लागलाय. इतका नेमका मराठी शब्द असताना 'मागचं दार' लिहिणारे लोक बघून वाईट वाटतं.

प्रतिसाद, नगरहून

तुम्ही सगळे मोटारीपासून सुरुवात करताय, पण मालवाहतुकीचे आपले शब्द बैलगाडीच्या काळापासून आहेत. 'हुंडेकरी' शब्द घ्या. नगर-सोलापूरकडे तो आडनाव म्हणूनही आहे. हुंडेकरी म्हणजे माल एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवण्याचं ठोक रकमेत अंगावर घेणारा. वाटेतल्या जकातीही त्याच रकमेत त्यानंच भरायच्या. ही ठोक रक्कम म्हणजे 'हुंडा'. आज हुंडा म्हटलं की लग्नच आठवतं, त्यामुळे हा अर्थ झाकला गेला. ट्रकवाले 'टनावर भाडं' आणि 'ठोक भाडं' असा जो फरक करतात, त्यातलं दुसरं हे जुन्या हुंड्याचंच काम आहे. माझ्या आजोबांच्या वहीत 'हुंडेकऱ्यास दिले' अशा नोंदी आहेत आणि पुढच्या पानांवर त्याच जागी 'ट्रान्स्पोर्टला दिले' येतं. धंदा तोच, पण शब्द बदलला आणि जुना शब्द आडनावात जाऊन बसला.

'भाडं' तर त्याहून जुनं, संस्कृत 'भाटक'पासूनचं. आणि 'खेप' कुणी विसरू नका. संस्कृतातल्या 'क्षेप'शी तिचं नातं आहे. विहिरीवरून पाण्याच्या दोन खेपा आणि मुंबईच्या दोन खेपा, शब्द एकच.

प्रतिसाद, रत्नागिरीहून

ड्रायव्हरच्या जोडीदाराबद्दल कुणी बोललं नाही. देशावर त्याला 'किन्नर' म्हणतात, तो सरळ 'क्लीनर'चा मराठी उच्चार. स्वर्गातल्या गाणाऱ्या किन्नरांशी त्याचा काही संबंध नाही, निव्वळ आवाज जुळले. पण हिंदी-बंगाली मुलखात त्याच पोराला 'खलासी' म्हणतात. आमच्या किनाऱ्यावर खलाशी म्हणजे मचव्यावर, गलबतावर काम करणारा. कलकत्ता लाईनच्या एका मामांनी मला सांगितलं होतं की तिकडच्या ढाब्यावर कुणी 'खलासी कुठाय' विचारलं की त्यांचा कोकणातला किन्नर लगेच उठून उभा राहायचा, कारण त्याचे वडील खरेच खलाशी होते.

या पोरांचं काम कुणी लिहून ठेवायला हवं. घाटात गाडी थांबायला लागली की चाकामागे लाकडी ठोकळा टाकायला चालत्या गाडीतून उडी मारायची. ताडपत्री बांधायची, रस्से आवळायचे. मागे घेताना फाळक्यावर थाप मारत 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायचं. दोन थापा म्हणजे थांबा. ड्रायव्हरला तो 'वस्ताद' म्हणायचा, तालमीतल्यासारखं. आणि ते खरंच होतं, कारण शिकवणी दुसरी नव्हतीच. आमच्या ओळखीतले कितीतरी ड्रायव्हर असेच हौद्यातून केबिनमध्ये आले.

प्रतिसाद, नागपूरहून

आमच्याकडे 'खाली' फक्त ट्रकवाल्यांचा नाही. 'डबा खाली कर', 'घर खाली केलं' हे विदर्भात घरोघरी चालतं. त्यामुळे तुमची गोष्ट नागपुरात घडली नसती! तबला शिकणाऱ्यांनाही हा शब्द ओळखीचा आहे. तीनतालातल्या नवव्या मात्रेला काही जण 'काल' म्हणतात, काही 'खाली'. डग्ग्याचा भार तिथं उतरतो. भरी आणि खाली : भरलेली गाडी आणि खाली गाडी.

प्रतिसाद, कराडहून (आजोबांनी सांगितलं, नातवानं टाइप केलं)

पोरी, तुझ्या अण्णाला माझा नमस्कार. लाईनवर कुठंतरी गाठ पडली असंल. मी बारा-दहा चालवली. टाटाची १२१०. आम्ही तिला 'मर्सिडीज'च म्हणायचो. टाटांचा त्या जर्मन कंपनीशी करार १९५४ ला झाला आणि १९६९ ला संपला, पण नाव तोंडात राहिलं. त्याच्या आधी माझ्या वस्तादानं फार्गो चालवली. ती कुर्ल्याला जुळवली जायची.

आता सगळी नावं कंपनीचीच झाल्यात. दहा टायरची कुठलीबी गाडी असू दे, 'टॉरस'. वाळू वतणारी कुठलीबी असू दे, 'हायवा'. हायवा तर गाडीचं नावच न्हाई, हौदा उचलायचा दट्ट्या बनवणारी ती हॉलंडची कंपनी. स्टेपनीचंबी तसंच. माझा नातू सांगतो, इंग्लंडच्या शेजारी वेल्समध्ये लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता होता, तिथं १९०४ च्या सुमाराला जादा चाक बनवायला लागले. त्याआधी मोटारीला जादा चाकच नसायचं. मला हे ऐकून लई बरं वाटलं. आम्ही आयुष्यभर एका रस्त्याचं नाव घेत रस्त्यावर फिरलो.

मला जो शब्द सांगायचाय तो 'जकात'. अरबीत जकात म्हणजे दानधर्म म्हणत्यात. आमच्यासाठी ती रात्र होती. मुलुंडच्या नाक्यावर, मानखुर्दला, दहिसरला रांगेत रात्र काढायची, गूळ पाघळायचा आणि मुकादम वरडायचा. दुसऱ्या गावातनं नुसतं पार जायचं तरी पास काढायचा. सरकारी कागदावर 'पारगमन शुल्क' लिवलेलं असायचं. ते नाव आमच्यातल्या कुणाच्या तोंडात कधी बसलं न्हाई. ३० जून २०१७ च्या रात्री मुंबईची जकात बंद झाली तवा मी स्टेअरिंग सोडून बरीच वर्षं झाली होती. टीव्हीवर मुलुंडचा रिकामा नाका दाखवला. मी बायकोला म्हटलं, बघ, नाकाबी खाली झाला.

आणि एक. जुन्या बोरघाटात शिंगरोबाच्या देवळापाशी आम्ही नाणं टाकून पुढं जायचो. धनगर होता, इंग्रजाला घाटाची वाट त्यानं दाखवली म्हणत्यात. कसाऱ्याला घाटनदेवी. पण नाणं टाकणाऱ्या त्या थांबण्याला आम्ही दर्शन म्हणत नव्हतो. 'हजेरी' म्हणायचो. हे लिहून ठेव.

पुन्हा मी

आजोबा, लिहून ठेवलं. अण्णांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. 'हजेरी' ऐकल्यावर ते म्हणाले, "देत होतो की आम्हीबी," आणि मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

'वाराई'चंही त्यांनी आज सांगितलं. बाजार समितीत माल उतरवून घेण्याची मजुरी, जी माल घेणाऱ्यानं द्यायची की ट्रकवाल्यानं यावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली. हमालाला हमाली, पण ट्रकवाल्याच्या खिशातून जाते ती वाराई, असा त्यांचा साधा हिशेब. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालांना मंडळ मिळालं, पगाराची शाश्वती मिळाली, आणि ते योग्यच झालं असं अण्णा म्हणतात. त्यांचा धाकटा भाऊ वाशीच्या बाजारात माथाडी होता. एकाच घरात एक भाऊ वाराई देणारा आणि दुसरा घेणारा. दोघांच्या हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आहेत. एकीत 'वाराई दिली' लिहिलंय, दुसरीत त्याच कामाला 'मजुरी' म्हटलंय. देणाऱ्याचा शब्द वेगळा आणि घेणाऱ्याचा वेगळा, ही गोष्ट मला वह्या शेजारी ठेवल्यावरच दिसली. 'वाराई' कुठल्या धातूपासून आली हे कुणाला पक्कं ठाऊक असेल तर जरूर लिहा. लातूर, जालना, जळगावच्या बाजारांत हा शब्द कोणत्या अर्थानं चालतो तेही हवंय.

एक दुरुस्ती. पुण्याच्या प्रतिसादामुळे काल अण्णांना काही न सुचवता विचारलं, "पोती कुठं टाकायचा?" ते म्हणाले, "हौद्यात." टायरच्या दुकानासमोरच्या पाचही जणांना वेगवेगळं विचारलं, पाचही जण 'हौद्यात'च म्हणाले. वर मी 'हौदात' लिहिलंय, ते माझं ऐकणं चुकलं होतं.