मूत्रपिंडाचा विकार असताना कोणते मासे खावेत?

प्रश्न (रत्नागिरी)
माझे वडील 68 वर्षांचे असून त्यांचे वजन 60 किलो आहे. गेल्या महिन्यात त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) 2.4 आले, डायलिसिसची वेळ अद्याप आलेली नाही. मीठ आणि प्रथिने बेताने घ्या, एवढेच डॉक्टरांनी सांगितले, म्हणून आम्ही मासे पूर्ण बंद केले. पण ज्यांच्या पानात आयुष्यभर दुपारी मासा आणि पावसाळ्यात सुकट असे, ते आता अर्ध्या जेवणावरून उठतात आणि ते मला पाहवत नाही. त्यांना कोणता मासा, किती आणि कसा द्यावा?

उत्तर 1 (आहारतज्ज्ञ, मुंबई)
मासे पूर्ण बंद करण्याची गरज सहसा नसते, आणि या वयात अन्न तुटणे अधिक घातक ठरते. डायलिसिस सुरू नसताना दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 0.8 ग्रॅम प्रथिने धरतात, म्हणजे आपल्या वडिलांसाठी सुमारे 48 ग्रॅम. 100 ग्रॅम ताज्या मासळीत 18 ते 20 ग्रॅम प्रथिने असतात. त्यामुळे सुरमई, पापलेट किंवा रावसाची एक मध्यम तुकडी दिलीत, तर त्या दिवशी डाळ आणि दूध त्या हिशेबाने कमी करावे.

खरी अडचण सुक्या मासळीची आहे. खाऱ्या बांगड्यात मीठ इतके असते की दिवसभराची 5 ग्रॅमची मर्यादा तिथेच संपू शकते, आणि भिजवून पाणी टाकले तरी ते सगळे निघत नाही. बोंबील बिनमिठाचे वाळवलेले असले, तरी पाणी उडून गेल्यामुळे थोड्या वजनात प्रथिने आणि अशक्त मूत्रपिंडांना नीट बाहेर टाकता न येणारा फॉस्फरस एकवटतात. जवळा कवचासकट आणि मांदेली बरेचदा काट्यांसकट खाल्ली जाते, तेथेही फॉस्फरस वाढतो. गोठवलेली कोळंबी घेताना वेष्टनावर फॉस्फेट लिहिलेले असल्यास ती घेऊ नये, कारण असे मिसळलेले फॉस्फरस शरीरात फार सहज शोषले जाते.

उत्तर 2 (वेंगुर्ले)
माझ्या आईचे डायलिसिस चालू आहे आणि तिला उलट प्रथिने वाढवायला सांगितली आहेत, म्हणून दुसऱ्या रुग्णाचे पाहून प्रमाण ठरवू नये. अन्नातला फॉस्फरस शरीरात शोषला जाऊ नये म्हणून दिलेली गोळी ती जेवणासोबतच घेते. आम्ही माशाच्या तिखल्यात मीठ निम्म्यावर आणले आणि आले, लसूण, मिरी वाढवली. कोकमाच्या आगळात टिकण्यासाठी भरपूर मीठ घातलेले असते, हे मात्र आम्हाला उशिरा लक्षात आले.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. आंबटपणासाठी परसातली बिंबले (बिलिंबी) आणि करमळ (स्टारफ्रूट) चालतील का? आणि मिठाऐवजी कमी सोडियमचे मीठ?

उत्तर 3 (आहारतज्ज्ञ, मुंबई)
करमळ कृपया घरातही आणू नका. मूत्रपिंड अशक्त असताना त्यातील विषारी घटक शरीराबाहेर पडत नाही आणि थोड्या फळानेही न थांबणारी उचकी, भ्रम, अगदी झटके येऊ शकतात. बिंबलात ऑक्झलेट फार असते. त्याचा रस प्यायल्याने निरोगी माणसांची मूत्रपिंडेही बिघडलेली आहेत, तेव्हा तेही टाळावे. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते आणि मूत्रपिंड अशक्त असताना पोटॅशियम रक्तात साठू शकते, म्हणून ते वडिलांना देऊ नये. नारळाच्या रसातही पोटॅशियम असल्यामुळे वाटण पातळ ठेवावे, आणि पुढच्या तपासणीत पोटॅशियम व फॉस्फरस दोन्ही मोजून घेऊन मगच आठवड्यात किती वेळा मासे द्यायचे ते डॉक्टरांशी बोलून ठरवावे.