वादळानंतरचा राडारोडा: आधी उचलायचा की आधी वेगळा करायचा?

किनारवासी (टँपा, फ्लोरिडा)

२६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलीन हरिकेन फ्लोरिडाच्या बिग बेंड भागात किनाऱ्याला धडकले. त्याचा डोळा टँपापासून बराच दूर, समुद्रातून गेला. तरीही टँपाजवळच्या पिनेलास काउंटीच्या (जिल्ह्याच्या) किनाऱ्यावरील गावांत समुद्र घराघरांत शिरला आणि पुढच्या काही दिवसांत घरांसमोर भिजलेले सोफे, गाद्या, फुगलेल्या ड्रायवॉलचे (आतल्या भिंतींच्या फळ्यांचे) तुकडे, फ्रीज, रंगाचे डबे आणि फांद्या यांचे ढीग उभे राहिले. अशा वेळी प्रशासनाच्या सूचना स्पष्ट असतात. झाडोरा वेगळा, बांधकामाचा राडारोडा वेगळा, मोठी घरगुती यंत्रे वेगळी, इलेक्ट्रॉनिक वस्तू वेगळ्या, घातक रसायने वेगळी आणि रोजचा कचरा वेगळा ठेवावा. हे पाळणारे थोडे असतात आणि न पाळल्याने कोणाचे काही अडत नाही, कारण लोखंडी पंजाचा ट्रक येतो आणि सगळे एकत्रच उचलून नेतो.

माझे म्हणणे असे आहे की पहिल्या फेरीत मिसळलेला ढीग उचलूच नये.

या बेफिकिरीचे मूळ मला लोकांच्या आळसापेक्षा पैशाच्या व्यवस्थेत दिसते. आपत्ती जाहीर झाल्यावर राडारोडा हटवण्याच्या पात्र खर्चापैकी किमान ७५ टक्के रक्कम फेमा ही केंद्रीय संस्था भरून देते. कंत्राटदाराला बहुतेक ठिकाणी घनयार्डावर, म्हणजे आकारमानावर, पैसे मिळतात. रस्ते किती दिवसांत मोकळे झाले यावर महापौरांचे आणि काउंटीचे यश मोजले जाते. ढीग शेवटी कोठे जाऊन पडतो, हा प्रश्न या सगळ्यात कोणाच्याच हिशेबात येत नाही.

तो यायला हवा. ड्रायवॉल म्हणजे मुख्यतः जिप्सम. ते ओल्या आणि हवा न पोहोचणाऱ्या भरावात पुरले की जिवाणू त्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि आसपासच्या वस्तीला सडक्या अंड्यांच्या वासात राहावे लागते. २००३ च्या अखेरपर्यंत घरांचे डेक आणि कुंपणे यांसाठी सर्रास वापरल्या गेलेल्या प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक असते. ते फांद्यांबरोबर चिपरमध्ये, म्हणजे लाकडाचा भुसा करणाऱ्या यंत्रात, गेले तर बागेत पसरायच्या भुशात उतरते आणि जाळले तर राखेत राहते. २००५ च्या कॅटरिना हरिकेनने दहा कोटी घनयार्डांहून अधिक राडारोडा मागे ठेवला होता. तो कोठे टाकायचा या घाईत न्यू ऑर्लीन्सचे तत्कालीन महापौर रे नेगिन यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये आणीबाणीचे अधिकार वापरून शेफ मेंटूर महामार्गालगत नवा डेपो उघडू दिला. त्याच्या जवळच व्हिएतनामी अमेरिकनांची वस्ती होती आणि शहरात सर्वांत आधी परतून घरे सावरू लागलेल्यांमध्ये हेच लोक होते. त्यांनी लढा दिला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेपो बंद झाला. पण तोवर तेथे टाकले गेलेले टाकलेच गेले होते. शहर किती झपाट्याने स्वच्छ झाले हे अभिमानाने सांगताना ती घाण कोणाच्या दारात ओतली, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे.

बायूकाठ (केटी, ह्यूस्टनजवळ)

आपली माहिती बरोबर आहे, परंतु आपण काढलेला निष्कर्ष मला निर्दय वाटतो. २०१७ च्या ऑगस्टअखेरीस हार्वे हरिकेनच्या पावसाने बार्कर जलाशय तुडुंब भरला आणि आमच्या परिसरातील कित्येक घरांत पाणी अनेक दिवस तुंबून राहिले. पाणी उतरले की एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते, त्यामुळे भिंती चार-चार फूट उंचीपर्यंत कापून, आतले इन्सुलेशन ओरबाडून, सारे काही तातडीने बाहेर काढावे लागते. हे काम सत्तरीतले जोडपे करत असते, तान्ह्या मुलाची आई करत असते आणि विम्याच्या माणसाची वाट पाहत छायाचित्रे काढणारा भाडेकरू करत असतो. तिघांनाही आपण सांगणार की सहा ढीग करा, नाहीतर ट्रक पुढे जाईल!

शिवाय वेग ही केवळ महापौरांच्या मिरवण्याची गोष्ट नसते. हेलीननंतर अवघ्या तेरा दिवसांनी, ९ ऑक्टोबर २०२४ ला, मिल्टन हरिकेन फ्लोरिडातील सिएस्टा की येथे किनाऱ्याला लागले. त्याआधीच्या दिवसांत आपल्याच भागात हेलीनचे ढीग तसेच पडून होते, आणि ते वाऱ्याने उडून घरांवर आदळतील या भीतीने राज्यपाल डीसँटिस यांनी राडारोडा स्वीकारणारी केंद्रे रात्रंदिवस उघडी ठेवण्याचा आदेश दिला होता. त्या आठवड्यात आपला नियम लागू असता, तर मिसळलेला प्रत्येक ढीग वादळाच्या वाटेत मुद्दाम ठेवल्यासारखा झाला असता. वर्गीकरण डेपोवर यंत्राने आणि पगारी माणसांकडून व्हावे. ज्याचे घर वाहून गेले, त्याच्याकडून ते फुकटात करून घेऊ नये.

धुक्यातला_डोंगर (ॲशव्हिल परिसर, नॉर्थ कॅरोलायना)

आपण दोघेही सपाट किनाऱ्यावरचे, घरासमोर डांबरी रस्ता असलेले चित्र डोळ्यांसमोर ठेवून बोलत आहात. तेच हेलीन आमच्याकडे आले तेव्हा झाडे उतारांवर आडवी झाली, ओढ्यांत अडकली आणि लेक लूरसारखे तलाव तुटलेल्या लाकडांनी व घरांच्या अवशेषांनी भरून गेले. अनेक कुटुंबे खासगी खडीच्या रस्त्यांवर राहतात आणि खासगी मालमत्तेवरचा राडारोडा हटवण्याचा खर्च सरकार सहसा देत नाही. त्यासाठी सार्वजनिक आरोग्याचे किंवा सुरक्षेचे कारण दाखवून विशेष मंजुरी घ्यावी लागते. मार्च २०२५ मध्ये पोक काउंटीत वणवे पेटले तेव्हा वाळलेली तीच झाडे इंधन ठरली आणि अग्निशमन दलाच्या वाटाही त्यांनीच अडवल्या. म्हणून वेगाबाबत मी बायूकाठ यांच्या बाजूने आहे.

परंतु आकारमानावर पैसे देण्याचा परिणामही आम्ही पाहिला आहे. नद्यांची सफाई सुरू झाल्यावर वाहून आलेल्या लाकडाबरोबर काठावरची जिवंत, मुळे घट्ट असलेली झाडेही काढली जात असल्याच्या तक्रारी झाल्या. नदीतला प्रत्येक ओंडका कचरा नसतो, कारण काही ओंडके काठ धरून ठेवतात आणि माशांना आडोसा देतात. जो जितके जास्त उचलेल तितके त्याला जास्त मिळणार असेल, तर कशाला हात लावू नये हे त्याला कोण सांगणार? म्हणून शिस्त लावायची तर ती कंत्राटाला लावावी असे मला वाटते. घरमालकाच्या दाराशी ती सुरू करून फार काही साधणार नाही.

आगरातली (श्रीवर्धन, रायगड)

आपल्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे ट्रक येतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले तेव्हा टाळेबंदीचे दिवस होते, मजूर मिळत नव्हते, वीज कित्येक दिवस नव्हती आणि दारात ट्रक येण्याची कोणी अपेक्षाही केली नव्हती. माड आणि पोफळी एकमेकांवर अशा पडल्या होत्या की स्वतःच्या आगरात शिरायलाही कोयत्याने वाट करावी लागत होती. त्यातही पंचनामा होईपर्यंत झाड हलवायचे की नाही, या संभ्रमात बरेच दिवस गेले. फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपयांची मदत जाहीर झाली, परंतु आमच्याकडची आगरे गुंठ्यांत मोजतात. साधारण शंभर गुंठ्यांचा हेक्टर धरला तर गुंठ्याला पाचशे रुपये पडतात आणि तेवढ्यात एका गुंठ्यातले पडलेले खोड तोडून बाहेर काढणेही भागत नाही.

वर्गीकरण आम्ही केले, आणि ते नियमाच्या धाकाने केले नाही. कौले शाबूत होती ती उतरवून ठेवली, पत्रे ठोकून सरळ केले, आंब्या-फणसाचे लाकूड वखारीला गेले, झावळ्या सरपणाला लागल्या. ज्याला गिऱ्हाईक आहे ते रस्त्यावर येतच नाही. राहिले ते माडाचे खोड आणि फुटलेले सिमेंटचे पत्रे. माडाचे खोड तंतुमय असते, इमारती लाकडासारखे सहज चिरता येत नाही आणि ओले असताना धड जळतही नाही. ते कुजत पडले की त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो, अळ्या तेथेच वाढतात आणि पुढे भुंगे उभ्या माडांचा कोवळा कोंब पोखरतात. म्हणजे वादळातून वाचलेल्या माडाला पडलेल्या माडाकडून धोका निर्माण होतो. सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे तर अनेकांनी बांधावर आणि खड्ड्यांत भर म्हणून टाकले. त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि फुटल्यावर त्याचे तंतू श्वासातून आत जातात, हे सांगायला कोणी फिरकले नाही. म्हणून किनारवासी यांना मला विचारायचे आहे की ज्या वस्तूला कोणीच घेणारे नाही, ती वेगळी करून ठेवली तर पुढे ती न्यायची कोणी?

हिशेबनीस (पुणे)

नगरपालिकांच्या कामांची देयके तपासण्यात माझी नोकरी गेली, म्हणून मोजमापाबद्दल थोडे लिहितो. अमेरिकेतील या कंत्राटांत ट्रक केंद्रावर आला की मनोऱ्यावर उभा असलेला निरीक्षक तो किती टक्के भरला आहे हे नजरेने ठरवतो आणि पावतीवर नोंदवतो. फांद्यांमध्ये पोकळी असतेच, त्यामुळे सैल भरलेला ट्रक कंत्राटदाराच्या फायद्याचा ठरतो. वजनावर पैसे द्यावेत, असे यावर कोणी सुचवील. पण मग ओला राडारोडा आणि माती यांना भाव येईल. मोजण्याचे एकही परिमाण निर्दोष नसते. मात्र फ्रीजसारख्या वस्तूंना नगावर वेगळा दर देण्याची पद्धत तेथे आधीपासून आहे, कारण त्यातील शीतकरणाचा वायू आधी काढून घ्यावा लागतो. तोच न्याय पुढे नेऊन वेगळ्या भरलेल्या ट्रकला जास्त आणि मिसळलेल्याला कमी दर ठेवला, तर कंत्राटदार स्वतःच वर्गीकरणाची काळजी घेईल. दारावर पहारा बसवण्यापेक्षा दरपत्रक बदलणे स्वस्त पडते.

किनारवासी

हिशेबनीस यांची दराची सूचना मला पूर्णपणे मान्य आहे आणि धुक्यातला डोंगर यांच्या नद्यांनाही ती लागू व्हावी. परंतु केवळ दराने भागणार नाही, कारण काही वस्तू एकदा पंजाखाली चिरडल्या गेल्या की कोणत्याही डेपोवर वेगळ्या होत नाहीत. रंगाचा डबा फुटला की तो संपूर्ण ढिगाचा झाला. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या लिथियम बॅटऱ्या कित्येक दिवसांनी अचानक पेट घेतात, हे २०२२ च्या इयान हरिकेननंतर फ्लोरिडात विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बाबतीत दिसले आहे. अशी बॅटरी भिजलेल्या गाद्यांच्या ट्रकमध्ये गेली तर काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी करतो. सहा ढिगांची सक्ती नको, दोनच असावेत. बॅटऱ्या, रंग, कीटकनाशके, गॅसच्या टाक्या आणि फ्रीज एका बाजूला, बाकी सर्व दुसऱ्या बाजूला. एवढेही केले नसेल तर पहिल्या फेरीत ट्रकने थांबू नये. आगरातली यांचा प्रश्न रास्त आहे. ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही ती नेण्याची जबाबदारी सरकारचीच आहे आणि तुमच्याकडे ती पार पाडली गेली नाही. तथापि, माडाचे खोड कोठे रचायचे आणि फुटलेले पत्रे कोणत्या खड्ड्यात पुरायचे नाहीत, हे वादळाआधी ठरले असते तर ट्रक नसतानाही निम्मे नुकसान टळले असते.

बायूकाठ

दोन ढिगांपर्यंत आपण आलात, याचे स्वागत आहे. परंतु ट्रकने न थांबण्याची अट अजूनही मान्य करता येत नाही. एका रस्त्यावर वीस घरे असतात आणि त्यांतील एकाने रंगाचा डबा चुकून गाद्यांखाली ठेवला तर बुरशीचा ढीग त्याच्या एकट्याच्या दारात राहत नाही, त्याचा त्रास शेजारच्या एकोणीस घरांना होतो. शिवाय ढीग नाकारायचा निर्णय घेणार कोण? घाईत असलेला, मिळेल त्या फेऱ्या मारणारा ट्रकचालक! तो नीटनेटक्या वस्तीत समजूतदारपणे थांबेल आणि गरीब वस्तीत नियम दाखवून पुढे जाईल, अशी मला भीती वाटते. शेफ मेंटूरचे उदाहरण आपणच दिले आहे. घातक वस्तूंसाठी ट्रकच्या आदल्या दिवशी छोटी गाडी दारोदार फिरवावी. जे हाती लागेल ते उचलावे आणि ढीग मात्र कोणाचाही नाकारू नये.

आगरातली

छोट्या गाडीची कल्पना आमच्याकडेही चालेल. पाखाडीत मोठा ट्रक शिरत नाही, पण तीनचाकी टेम्पो शिरतो. फुटलेले पत्रे ओले करून, जाड प्लास्टिकमध्ये बांधून त्यात चढवता येतील. ते तालुक्याच्या ठिकाणी कोणत्या जागेत उतरवायचे, एवढे ग्रामपंचायतीला पावसाळ्याआधी लेखी कळले पाहिजे. माडाच्या खोडांसाठी मात्र टेम्पो पुरणार नाही. तेथे खोड तोडण्याची मजुरी नुकसानभरपाईपेक्षा वेगळी आणि तातडीने द्यावी लागेल, कारण भुंगा पंचनाम्यासाठी थांबत नाही.

किनारवासी

आदल्या दिवशीच्या गाडीला माझा विरोध नाही, आणि नाकारण्याचा अधिकार ट्रकचालकाकडे नसावा हेही मला पटते. तो लेखी कारण देणाऱ्या निरीक्षकाकडे असावा. तरीही, गाडी दारात येऊन गेल्यानंतरसुद्धा ज्याने बॅटरी ढिगात ठेवली, त्याचा ढीग त्या दिवशी उचलू नये, या मतावर मी कायम आहे. १ जूनला अटलांटिकचा हंगाम सुरू होतो. त्याआधीच्या काउंटीच्या बैठकीत मी दोन गोष्टी मागणार आहे: राडारोडा उतरवण्याच्या जागांचा नकाशा वादळाआधी जाहीर व्हावा आणि त्या नकाशावर प्रत्येक जागेच्या भोवतालची वस्तीही दाखवलेली असावी.